बेगमीची वही

वैशाखाचे ऊन तापू लागले की बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांच्या गच्च्यांवर एके काळी पाय ठेवायला जागा नसे. एका चटईवर गहू, दुसरीवर डाळ, कोपऱ्यात मिरच्या, मधे कुरडयांची ताटे, आणि या साऱ्याच्या राखणीला डोक्यावर छत्री घेऊन बसलेले एखादे आजोबा, नाहीतर परीक्षेत नापास झालेला एखादा मुलगा. आज त्याच गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि विजेच्या तबकड्या आहेत. उन्हाचा उपयोग माणसे अजून करतात, नाही असे नाही. पण ऊन आता तारेतून घरात येते, डब्यातून येत नाही.

या वार्षिक उद्योगाला आपल्याकडे 'बेगमी' म्हणतात. शब्द फारसी वळणाचा आहे. 'गम' म्हणजे दुःख, काळजी. आणि 'बे' म्हणजे तिच्यावाचून. वर्षाचे धान्य घरात येऊन पडले की घरधनी निश्चिंत झोपतो, म्हणून ती बेगमी. घरधनीण मात्र पोरकिड्यांच्या काळजीने जागीच असते, हे शब्द घडविणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

मी इंदूरची. १९७४ च्या वैशाखात लग्न होऊन दांडिया बाजारातल्या वाड्यात आले, तेव्हा घरात नऊ माणसे होती. हळद उतरून आठ दिवस झाले नसतील तोच सासूबाईंनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "माझा चष्मा सापडत नाही. जरा मोठ्यानं वाच." मी वाचू लागले. पहिलीच ओळ होती, 'गहू २५ मण'. माझ्या माहेरी मण म्हणजे चाळीस शेर, आजच्या हिशेबाने सदतीस किलोंच्या घरात. म्हणजे सव्वानऊशे किलो गहू! मी मनात म्हटले, हे घर आहे की फौजेची छावणी? माझा चेहरा पाहून मामंजी हसले. "सूनबाई, इथला मण वीस किलोचा. घाबरू नका." तरी पाचशे किलो गहू, दोनशे किलो तांदूळ आणि ऐंशी किलो तूरडाळ त्या वर्षी माझ्या हातांखालून गेली. चष्मा सासूबाईंच्या कपाळावरच होता, हे मागाहून कळले.

त्या वहीला पाच रकाने होते. जिन्नस, किती, कधी भरला, कधी फोडला, कधी संपला. पहिले चार कोणीही लिहील. सासूबाईंचा सगळा जीव पाचव्या रकान्यात असे. 'गूळ. माघात संपला. थोरलीचे बाळंतपण.' 'तांदूळ. ज्येष्ठात दीड मण उरला. मुंबईचे लोक आले नाहीत.' एवढ्यावरून पुढच्या वर्षीचे माप ठरे. कोणत्या घराला किती लागते हे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. आपण किती खातो असे विचारले तर माणूस एकतर कमी सांगतो किंवा जास्त. खरे उत्तर डब्याचा तळ देतो. आज नव्याने बेगमी करू पाहणाऱ्या मुली मला "मावशी, चौघांना किती भरायचं?" असे विचारतात. मी म्हणते, आधी तीन महिने डबा फोडल्याची आणि संपल्याची तारीख लिहा, मग या. बहुतेक जणी परत येत नाहीत.

धान्य राखण्याची विद्या सासूबाईंकडे हातोहात आलेली होती. पोळ्यांना लोकवन, आणि लापशी-रव्याला भाल भागातला दाऊदखानी गहू, जो पाटाच्या पाण्यावाचून जमिनीतल्या ओलीवरच पिकतो. दोन्हींना कडक उन्हाची तीन-चार दिवसांची वाळवणी. वाळला की नाही हे पाहायला दोन दाणे दाताखाली धरायचे. 'कट्' असा आवाज होऊन तुटला तर वाळला, दबला तर अजून एक ऊन. शेकडा बारापेक्षा अधिक ओल धान्यात राहू नये असे शास्त्रज्ञ सांगतात. सासूबाईंची दाढ जवळपास तेच सांगत असे. वाळलेले धान्य गरम असताना भरायचे नाही, रात्रभर निवू द्यायचे. नाहीतर पिंपाला आतून घाम सुटतो आणि सारी मेहनत बुरशीच्या स्वाधीन होते. मग गव्हाला एरंडेलाचा हात. तोही हाताला निसटता लागेल इतकाच. ही गुजरातची रीत आम्ही बडोदेकरांनी केव्हा उचलली कोण जाणे, पण माझ्या इंदूरच्या आईने ती पाहून नाक मुरडले होते, आणि पुढच्या वर्षी गुपचूप एरंडेलाची बाटली मागवून घेतली होती. तांदळात कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. पिंप गळ्यापर्यंत भरायचे, कारण धान्यावर जितकी हवा कमी तितके किड्यांचे फावते कमी. मिरचीच्या तिखटात हिंगाचे खडे, चिंचेला मीठ, पापडांच्या डब्यात पुन्हा पुन्हा हात नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. गोदामात धान्याला लावायच्या गोळ्या काही लोक घरातल्या कोठीत टाकतात. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. ओलसर हवा लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत तो किड्यांबरोबर माणसेही मारतो. किडलेले धान्य चाळता येते, निवडता येते. त्या गोळ्या घरात आणू नयेत.

आमच्या घरच्या बेगमीचे मूळ मात्र विद्येत नसून भीतीत होते, हे मला आजेसासूबाईंमुळे समजले. त्या १९७९ साली गेल्या, तोवर पाच वर्षे मला त्यांचा सहवास मिळाला. त्या रोज सकाळी तांदूळ धुण्यापूर्वी मापातली एक मूठ उचलून देवघराजवळच्या मडक्यात टाकीत. मी त्याला देवाची मूठ समजत होते. एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "देवाची नव्हे गं. छपन्नची." विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९०० सालचा दुष्काळ. गुजरातेत त्याला अजून 'छप्पनियो' म्हणतात. आजेसासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. वडील कडी प्रांतात कारकून. त्या दुष्काळाविषयी त्या एकच आठवण सांगत. माणसे दारात येत ती भीक मागायला नव्हे. पितळेची घागर पुढे करून पदरभर बाजरी मागायला. आईने पहिल्या दिवशी घागर न घेता बाजरी दिली. दुसऱ्या दिवशी घागर घेतली. तिसऱ्या दिवशी दार उघडले नाही. इतके सांगून आजेसासूबाई गप्प बसत. त्यांच्या वडिलांच्या घरात त्या वर्षी सतरा घागरी होत्या म्हणे, आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या आईने त्यांतल्या एकीनेही पाणी भरले नाही.

१८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानाची वस्ती सुमारे २४ लाख होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. सयाजीराव महाराजांसारखा जागरूक राजा गादीवर असताना ही गत झाली. त्या आकड्याशेजारी एक मूठ तांदूळ म्हणजे किती क्षुल्लक! पण हिशेब करून पाहावा. मूठभर तांदूळ पस्तीस ग्रॅम धरले तरी वर्षाला बारा-तेरा किलो होतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य धरले आहे. त्या मापाने तो एका माणसाचा अडीच महिन्यांचा शिधा झाला, आणि त्यासाठी एक दिवसही कोणाचे पोट रिकामे राहिले नाही. ज्यांना एकदम पोती घेणे परवडत नाही त्यांनी बेगमी कशी करावी, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला अजून मिळालेले नाही. मडके भरले की ते तांदूळ वापरायचे आणि नवे भरायला लागायचे. ठेवायचे म्हणून ठेवलेले धान्य कीडच खाते.

बेगमी आणि साठेबाजी यांत फरक काय, असा प्रश्न शाळकरी वयातच माझ्यापुढे आला होता. १९६५ साली मी चौदा वर्षांची होते. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, आणि आम्ही इंदूरला शिधापत्रिकेवरच्या अमेरिकेहून आलेल्या तांबड्या गव्हासाठी रांगेत उभे राहत होतो. त्या दिवसांत शेजारच्या एका घरी रात्री पोती उतरल्याची कुजबुज झाली आणि आईने त्या घरचे हळदीकुंकू सोडले. मग आपल्या घरातल्या कणगीचे काय, असे मी विचारले. आई म्हणाली, "आपण रास असते तेव्हा भरतो." मला वाटते, एवढा विचार पुरेसा आहे. खळ्यातून धान्य निघते, बाजार भरलेला असतो, भाव उतरलेला असतो, तेव्हा घरी आणावे. त्याने शेतकऱ्याचेही भले होते. रिकाम्या फळीपुढे उभे राहून शेवटची चार पाकिटे उचलणे हे निराळे. अर्थात हा उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा नाही, कारण मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या आदल्या संध्याकाळी माझ्याच चिरंजीवांनी शेवयांच्या विलायती भावंडांची, म्हणजे नूडल्सची, तीस पाकिटे घरी आणून टाकली होती. त्यांतली शेवटची सहा दिवाळीत मोलकरणीच्या मुलांनी संपविली.

ती वेळ आमच्यावर का आली, तेही सांगते. २००८ साली दांडिया बाजारातला वाडा सोडून आम्ही कारेलीबागेत बंगला घेतला. वाड्याचे जोते पुरुषभर उंच होते आणि कोठीची खोली माडीवर. पोती वर चढविताना हमाल शिव्या देत. तरी पूर्वजांनी ती खोली खाली का आणली नाही हे मी कधी मनाशी विचारले नव्हते. नव्या घरात आम्ही शहाणपणा केला. स्वयंपाकघराला लागून जमिनीच्या पातळीवर छानशी कोठीची खोली केली. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळला, विश्वामित्री फुगली, आणि रात्री साडेनऊला कोठीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक रेघ आत आली. आम्ही आधी दूरदर्शनचा संच वर नेला, मग पलंगावरच्या गाद्या, मग कागदपत्रे. धान्याची आठवण आली तेव्हा पाणी गुडघ्याला लागले होते. भरल्या पिंपाला दोन माणसे हलवू शकत नाहीत.

पाच मण गहू, दोन मण तांदूळ, डाळी, आणि फळीच्या खालच्या कप्प्यातली एक चिनी मातीची बरणी. त्या बरणीत सासूबाईंच्या हातचे लिंबाचे लोणचे होते. त्या २०११ साली गेल्या. लोणचे त्याच्याही आधीचे, काळे, मुरलेले, पोट बिघडले तर बोटभर चाटायचे. पाणी ओसरल्यावर बरणीचे झाकण जागेवर होते, दादराही बांधलेला होता. मी ती पुसून ओट्यावर ठेवली. सूनबाई औषधांच्या कारखान्यात परीक्षणाचे काम करते. ती म्हणाली, "आई, हे गटाराचं पाणी होतं. दादऱ्यातून आत गेलंच असणार." मी म्हटले, मीठ आहे, लिंबू आहे, इतकी वर्षे काही झाले नाही. तिने वाद घातला नाही. नात तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्याकडे नुसते पाहिले. दुपारी मी ते लोणचे आवारात खड्डा करून पुरले. गहू तर उन्हात घालून वाचतील असे मला दोन दिवस वाटत होते. तेही वाटू देऊ नये. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य, पीठ, उघडे मसाले आणि फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांतले काहीही माणसाच्या पोटात जाण्याच्या लायकीचे राहत नाही. पक्के बंद पत्र्याचे डबे तेवढे धुऊन, जंतुनाशकाने पुसून वापरता येतात. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राखली जाई. पेव उघडले की आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत उतरायचे नाही, इतका तिथला अनुभव जुना. त्या पेवांतही २००५ च्या महापुराचे पाणी शिरले. जागा कोरडी, थंड आणि अंधारी असावी हे आपल्या सर्व आजीबाईंनी सांगितले आहे. उंच असावी हे सांगायचे राहिले, कारण त्यांच्या घरांना जोती होती.

त्यानंतर मी बेगमीचे नाव टाकले. दुकान कोपऱ्यावर होते, मुलगा म्हणे, "आता दुकान हीच आपली कोठी." आठ महिन्यांनी टाळेबंदी आली आणि कोठीला कुलूप लागले. त्या एप्रिलमध्ये, एका रात्री भांडी घासता घासता सूनबाई म्हणाली, "आई, आजींची ती वही पुरात गेली का?" गेली नव्हती. वही माझ्या कपाटात, माडीवर होती.

आम्ही दोघींनी नवी मांडणी केली. कोठी एक नको, पाच-पाच किलोंचे डबे; कारण ते वीज नसताना, अंधारात, सत्तर वर्षांच्या बाईलाही उचलता येतात. एकाला कीड लागली तर बाकीचे वाचतात. सगळे माडीवरच्या खोलीत, पलंगाच्या उंचीच्या फळीवर. नवा डबा मागे, जुना पुढे, आणि प्रत्येकावर महिन्याचे नाव. गव्हाचे पीठ महिन्याभराचेच, कारण ते खवट होते. बाजरीचे तर आठ दिवसांत कडवटते, म्हणून बाजरी सगळी दाण्यांतच. शेंगदाणे थोडे; दमट हवेत त्यांना बुरशी येते आणि कडू दाणा यकृताला घातक, तो निवडून फेकायचाच.

दुसरी एक पत्र्याची पेटी वेगळी केली. तिला नात 'पुराची पेटी' म्हणते. वर्षाची बेगमी चुलीवाचून निरुपयोगी आहे हे २०१९ ने शिकविले होते. शंभर किलो गहू घरात असून माणूस उपाशी राहू शकतो, जर गिरणी, गॅस आणि पाणी ही तिन्ही खालच्या मजल्यावर बुडालेली असतील. म्हणून पेटीत चौघांना चार दिवस पुरेल असे, न शिजविता किंवा नुसत्या गरम पाण्यावर होणारे. सातूचे पीठ, जे गूळपाण्यात कालवले की जेवण होते. पोहे, कुरमुरे, फुटाणे, गूळ, मेतकूट, खाखरे, राजगिऱ्याचे लाडू, मीठ. हे सगळे आपल्या आज्यांनी प्रवासासाठी आणि उपासासाठी केव्हाच शोधून ठेवलेले आहे. आपण फक्त ते एका जागी आणायचे. त्याबरोबर माणशी रोज चार लिटर धरून चौसष्ट लिटर पाणी, एक छोटा पाच किलोंचा गॅस आणि काडेपेट्या प्लास्टिकच्या पिशवीत. दर तीन महिन्यांनी पेटीतले खाऊन टाकायचे आणि नवे भरायचे. पहिल्या वेळी सातूचा कंटाळा येऊन चिरंजीव बाहेर जेवून आले.

२०२४ च्या ऑगस्टात ही पेटी उघडावी लागली. गोकुळाष्टमी २६ तारखेची, सोमवारची. आमच्या गुजराती शेजाऱ्यांची शीतळा सातम आदल्या दिवशी झाली होती. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटवीत नाहीत. रांधण छठीला केलेले थंड जेवतात. थंड चुलीचाही एक सण असावा, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटत आली आहे. अष्टमीच्या रात्रभर पाऊस थांबला नाही. मंगळवारी सकाळी अंगणात पाणी, दुपारी खालच्या खोल्यांत कमरेइतके. विश्वामित्रीची धोक्याची पातळी पंचवीस फुटांची; त्या पुरात ती पस्तीस फुटांच्या वर गेली. पाण्यातून चालत जाऊन काही आणावे म्हटले तर या नदीत मगरी आहेत, आणि पुरात त्या रस्त्यांवर येतात हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको.

आम्ही चौघे वर होतोच. शेजारचे घर एकमजली, तिथले काका-काकी आमच्याकडे आले. येताना काकींनी सातमीचे उरलेले थेपले आणले. मग सोसायटीचा चौकीदार, त्याची बायको आणि दोन मुले, धाकटे दीड वर्षाचे. म्हणजे दहा. चौघांची चार दिवसांची शिदोरी दहांना दीड दिवसाची होते, हा भागाकार मी जिन्यात उभी राहूनच केला. आणि मी सासूबाईंसारखी वाटणीला बसले. वाटीवाटीने, मोजून.

त्या रात्रीची गोष्ट लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. काकांना मधुमेह आहे. ते दोन वेळा इन्सुलिन टोचून घेतात. औषध त्यांनी बरोबर आणले होते, आणि ते मी ओल्या फडक्याने गुंडाळून माठाशेजारी गारव्याला ठेवले, याचा मला अभिमानही वाटला. संध्याकाळी त्यांनी नेहमीइतके टोचून घेतले. मी त्यांना एक वाटी सातू आणि अर्धा थेपला दिला. "आणखी देऊ?" म्हणून विचारले. ते म्हणाले, "चालशे, बेन, चालशे." पन्नास वर्षे गुजरातेत राहून मला या शब्दाचा अर्थ कळायला हवा होता. चालेल, असे माणूस घरातल्या पाहुणेपणाला म्हणतो. पोटाला म्हणत नाही. त्यांनी माझ्या हातातली मोजणी पाहिली होती.

रात्री अडीचच्या सुमारास काकींनी हाक मारली. काका घामाने भिजले होते, हात थरथरत होते आणि स्वतःच्या बायकोला ते मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारीत होते. सूनबाईने बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि एवढेच म्हणाली, "साखर." पेटीत साखर नव्हती. गूळ असताना साखर कशाला, असे म्हणून मीच ती काढली होती. आणि गूळ पावसाळी हवेत पाझरून डब्याच्या तळाशी चिकटलेला. तेवढ्यात नातीला आठवले, पाणी चढताना देव वर आणले तेव्हा त्यांच्याबरोबर सुंठवड्याच्या पिठीसाखरेचा डबा आला होता. चार चमचे अर्ध्या पेल्यात कालवून, ते गिळू शकत होते म्हणून, थोडे थोडे पाजले. पंधरा मिनिटांनी त्यांनी विचारले, "केटला वाग्या?" किती वाजले, म्हणून. मग राजगिऱ्याचे दोन लाडू त्यांना समोर बसून खायला लावले. काकी मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे मधे मांडले आणि वाटी बाजूला ठेवली.

अन्नापेक्षा आधी पाणी संपले. बुधवारी दुपारी चौसष्ट लिटरांचा तळ दिसला. गच्चीच्या पन्हळीला धुतलेले धोतर बांधून पावसाचे पाणी धरले आणि छोट्या गॅसवर उकळून घेतले. चौकीदाराच्या धाकट्याला मऊ भात आणि मेतकूट आवडले. त्याची आई, दाहोदकडची, मेतकुटाची चव घेऊन म्हणाली, याला मक्याची भाकरी हवी. गुरुवारी दुपारी स्वयंसेवक होडीतून पाकिटे घेऊन आले. त्यांत सुखडी होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कामांवर वाटली जाई तीच सुकडी, फक्त इथे तुपाचा हात अधिक.

पुढच्या आठवड्यात सूनबाईने वही काढली. तिने पुराच्या पेटीचे पान नव्याने लिहिले आहे. 'माणसे ४' खोडून '१०' केले; पाण्याला वीस लिटरांचे आणखी चार डबे; साखर एक किलो, काचेच्या बरणीत. खाली एक नवा रकाना आला आहे, सासूबाईंच्या वहीत तो नव्हता. 'गल्लीत कोणाला काय औषध.' काकांचे नाव पहिले आहे. ते विचारायला ती स्वतः घरोघर गेली, आणि दोन घरांनी तिला विमा विकणारी समजून दारातून परत पाठविले.

यंदा गहू उशिरा आले. आज तिसरे ऊन. दोन दाणे दाताखाली धरून पाहिले, पण माझी ती दाढ गेल्या वर्षी काढली आणि दुसऱ्या बाजूने नीट कळत नाही. नातीला चावायला लावले. ती म्हणते, 'कट्' झाले. तरी उद्या आणखी एक ऊन द्यावे म्हणते. चिंचही अजून फोडायची आहे.